तोंड वाकडं, डोळ्यापुढे धुकं, गिळताना ठसका: डिमायलिनेटिंग आजारात मेंदूच्या नसांना काय होतं?

एका डोळ्यापुढे धुरकट पडदा येतो. कुणाला एकाचे दोन दिसतात, कुणाचं तोंड एका बाजूला ओढलं जातं, कुणी पाणी प्यायला गेलं की ते नाकातून परत येतं. तपासण्या झाल्यावर कानावर ‘मायलिन’ आणि ‘ऑटोइम्यून’ हे शब्द पडतात आणि घरातल्या सगळ्यांच्या मनात प्रश्न उभे राहतात. न्यूरोलॉजीच्या ओपीडीत हेच प्रश्न मला रोज विचारले जातात. तिथे वेळ अपुरा पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. आजाराचं नाव पाठ झालं नाही तरी हरकत नाही. नस नेमकी कोणत्या जागी दुखावली आहे एवढं समजलं, तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मेंदूच्या नसा म्हणजे कोणत्या?

हातापायांच्या नसा पाठीच्या कण्यातून निघतात. डोकं, चेहरा आणि घसा यांचं काम पाहणाऱ्या नसा थेट मेंदूशी जोडलेल्या असतात. त्यांच्या १२ जोड्या आहेत आणि डॉक्टर त्यांना क्रमांकाने ओळखतात. दुसरी नस दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळा फिरवतात. पाचवी चेहऱ्याचा स्पर्श आणि चावणं सांभाळते, सातवी चेहऱ्याचे हावभाव. आठवीकडे ऐकणं आणि तोल आहे, नववी-दहावीकडे गिळणं आणि आवाज. अकरावी मान-खांदा हलवते, बारावी जीभ. पहिली नस वासाची. ती वेगळ्या जातीची आहे, या आजारांच्या चर्चेत ती फारशी येत नाही.

मायलिन गेलं म्हणजे नस मेली का?

नाही. मायलिन म्हणजे नसेच्या तंतूभोवतीचं चरबीयुक्त वेष्टन. ते सलग नसतं, थोड्या थोड्या अंतरावर त्यात फटी असतात आणि विजेचा संदेश एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो. त्यामुळे तो वेगाने पोहोचतो. वेष्टन उखडलं (यालाच डिमायलिनेशन म्हणतात) की उड्या थांबतात. संदेश रखडतो किंवा वाटेतच विरतो. आतला तंतू मात्र बहुतेक वेळा शाबूत असतो आणि तो शाबूत आहे तोवर सुधारणा होऊ शकते. वेष्टनासोबत तंतूही तुटला तर वेळ लागतो, काही उणीव कायमची राहू शकते.

सगळ्यांना ‘मायलिनचा आजार’च म्हणतात, मग कुणाची दृष्टी जाते आणि कुणाचं तोंड वाकडं होतं, असं का?

मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच.

मायलिन दोन प्रकारच्या पेशी बनवतात. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी करतात, शरीरभर पसरलेल्या बाहेरच्या नसांमध्ये श्वान पेशी करतात. दोन्ही वेष्टनं दिसायला सारखी असली तरी त्यांच्यातली प्रथिनं वेगळी आहेत. रोगप्रतिकारक शक्ती चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटते (ऑटोइम्यून म्हणजे हेच) तेव्हा ती विशिष्ट खुणा ओळखून हल्ला करते. म्हणून सहसा एका प्रकारचं वेष्टन सापडतं आणि दुसरं वाचतं.

दृष्टीची नस म्हणजे खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग. तिचं मायलिन मेंदूतल्यासारखंच असतं. त्यामुळे मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएससारख्या मेंदूच्या आजारात ती सापडते आणि गुलियन-बारे सिंड्रोम या बाहेरच्या नसांच्या आजारात, म्हणजे जीबीएसमध्ये, सहसा सुटते. तिसरीपासून पुढच्या नसांचं तसं नाही. मेंदूच्या देठातून (मेंदू मज्जारज्जूला जुळतो त्या भागातून) बाहेर पडल्यावर सुरुवातीचा छोटा टप्पा मेंदूच्या मायलिनचा, आणि तिथून पुढे श्वान पेशींचं राज्य. एमएसने सातव्या नसेला धक्का दिला तर तो देठाच्या आत, जीबीएसने दिला तर बाहेर. चेहरा दोन्हीकडे तसाच वाकडा दिसतो. उपचार मात्र पूर्ण वेगळे.

यात कोणकोणते आजार येतात?

मेंदूच्या बाजूने एमएस, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग (याच नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा आजार) हे तीन मुख्य. एनएमओमध्ये अ‍ॅक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असते. तो हल्ला मुळात मायलिनवर नसतो, शेजारच्या आधारपेशींवर असतो. मायलिन त्यात भरडलं जातं. ही अँटिबॉडी २००४ साली सापडली आणि तोवर एमएसचाच उपप्रकार समजला जाणारा आजार स्वतंत्र ठरला. मॉगमध्ये मायलिनच्या अगदी बाहेरच्या थरातलं प्रथिन लक्ष्य होतं आणि हा आजार लहान मुलांमध्येही बराच आढळतो.

बाहेरच्या नसांच्या बाजूला जीबीएस, त्याचा भाऊबंद मिलर फिशर सिंड्रोम आणि दीर्घकाळ चालणारा सीआयडीपी. जीबीएस जास्तीत जास्त चार आठवड्यांत आपला तळ गाठतो. सीआयडीपी आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहतो किंवा पुन्हा पुन्हा उलटतो. सीआयडीपीमध्ये मेंदूच्या नसा कमी वेळा सापडतात, पण सापडतात.

डोळा फिरवला की आत दुखतं आणि दोन दिवसांपासून धूसर दिसतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल का?

नंबर असा दोन दिवसांत वाढत नाही, आणि डोळा फिरवताना दुखतही नाही. हे दृष्टीच्या नसेच्या सुजेचं, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसचं नेहमीचं रूप आहे.

घरी एक गोष्ट करून पाहता येते. पेनाचं लाल टोपण उजेडात समोर धरा. आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना लाल सारखाच लाल दिसतो का? सुजलेल्या नसेच्या डोळ्याला तोच रंग फिका, विटकरी किंवा धुतल्यासारखा दिसतो. एक बाई मला म्हणाल्या, “अक्षरं वाचता येतात हो, पण या डोळ्याने कुंकू तपकिरी दिसतं.” निदानाची अर्धी वाट त्यांनी त्या एका वाक्यात दाखवली होती. चाचणी घरी जमते, निदान नाही. फरक जाणवला तर त्याच दिवशी दाखवा.

डोळ्याच्या डॉक्टरांनी आत पाहून ‘सगळं नॉर्मल’ सांगितलं. मग दिसत का नाही?

साधारण तीनातल्या दोन रुग्णांमध्ये सूज डोळ्याच्या मागे, नसेच्या आतल्या भागात असते. बुबुळातून डोकावल्यावर नसेचं टोक तेवढं दिसतं आणि ते सुरुवातीला ठणठणीत असतं. अशा वेळी बॅटरीची साधी तपासणी खूप बोलते. उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आळीपाळीने टाकला की आजारी डोळ्यावर येताच बाहुली लहान होण्याऐवजी मोठी होते. डॉक्टरांनी हे पाहिलं का, हे विचारायला संकोच करू नका.

टोक स्पष्ट सुजलेलं असेल, दोन्ही डोळे एकदम गेले असतील किंवा दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली असेल, तर मॉग आणि एनएमओची शंका आधी घ्यायची.

ऑप्टिक न्यूरायटिस झाला म्हणजे पुढे एमएस होणारच का?

होणारच असं नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतल्या रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. साधारण निम्म्यांना पुढे एमएस झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नसलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, एक किंवा अधिक डाग असलेल्यांमध्ये सुमारे ७२ टक्के. म्हणून डोळ्याची तक्रार असली तरी मेंदूचा एमआरआय करायला सांगतात. तेव्हा एमएसचा धोका पुढे ढकलणारी आजची प्रभावी औषधं हाताशी नव्हती, हेही आकडे वाचताना ध्यानात ठेवा.

एकाचे दोन दिसतात. हे डोळ्याचं की नसेचं?

एक डोळा झाका. दोन दिसायचं थांबलं तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाही, म्हणजे नस, स्नायू किंवा मेंदूचा देठ यांपैकी कुठेतरी अडचण आहे. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील तर बहुधा मोतीबिंदू किंवा चष्म्यासारखं डोळ्यातलंच कारण.

एमएसमध्ये एकेकट्या नसेपेक्षा दोन्ही डोळ्यांची जोडी जुळवणारा देठातला धागा जास्त वेळा दुखावतो. रुग्ण एका बाजूला पाहतो तेव्हा नाकाकडे वळणारा डोळा मागे रेंगाळतो आणि दुसरा डोळा थरथरतो. तरुण माणसात हे दोन्ही बाजूंना दिसलं तर एमएसची शंका बळावते. एकेकटी नस सापडलीच, तर बहुतेकदा सहावी.

मिलर फिशरचं चित्र वेगळं. काही दिवसांत दोन्ही डोळे हलेनासे होतात, चाल दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. १९५६ मध्ये चार्ल्स मिलर फिशर यांनी हे त्रिकूट वर्णन केलं. डोळे हलवणाऱ्या तिन्ही नसांमध्ये जीक्यू१बी नावाचा घटक भरपूर असतो आणि बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात नेमकी त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी मिळते. आधी झालेल्या जुलाबाच्या किंवा घशाच्या संसर्गातल्या काही जंतूंचा बाहेरचा थर या घटकासारखाच दिसतो. शरीर जंतूशी लढायला अँटिबॉडी बनवतं आणि ती डोळ्याच्या नसांना जाऊन चिकटते.

दिवसभरात त्रास कमी-जास्त होत असेल, संध्याकाळी पापणी जास्त पडत असेल, तर मायस्थेनियाचाही (नस आणि स्नायू यांच्या जोडातल्या आजाराचाही) विचार करावा लागतो. तो मायलिनचा आजार नाही.

तोंड वाकडं झालं. बेल्स पाल्सी आहे की आणखी काही?

एका बाजूचा चेहरा कपाळासकट लुळा, बाकी कुठेही तक्रार नाही, दोन-तीन दिवसांत झालेलं: हे बहुतेक वेळा बेल्स पाल्सी असतं. त्यात ७२ तासांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर फायदा होतो, म्हणून रेंगाळू नका.

पुढच्या कुठल्याही गोष्टीची जोड असेल तर मात्र ‘बेल्स’ म्हणून घरी बसू नये: हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, एकाचे दोन दिसणं, चेहरा बधिर, चालताना तोल जाणं, किंवा दोन्ही बाजूंचा चेहरा एकदम पडणं.

शेवटची गोष्ट हमखास निसटते. जीबीएसच्या साधारण निम्म्या रुग्णांचा चेहरा सापडतो आणि बरेचदा दोन्ही बाजूंनी. चेहरा दोन्हीकडे सारखाच पडला की वाकडेपणा दिसतच नाही. माणूस नुसता उदास, निर्विकार वाटतो. घरचे सांगतात, “घाबरलेत, बोलत नाहीत.” अशा वेळी मी डोळे घट्ट मिटायला सांगतो. निरोगी माणसाच्या पापण्यांचे केस आत दडतात. यांचे केस बाहेर लोंबत राहतात आणि फटीतून डोळ्याचा पांढरा भाग वर सरकताना दिसतो. मग गाल फुगवायला सांगतो, तर हवा ओठांतून फुस्स निघून जाते. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीने उदासीचा प्रश्न मिटतो आणि खरा आजार समोर येतो.

दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेचा झटका बसतो. हा दाताचा प्रश्न नाही का?

अनेकांनी दात काढून घेतल्यावर कळ तशीच राहते, आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. ही पाचव्या नसेची कळ, ट्रायजेमिनल न्युरॅल्जिया. एमएसच्या दर शंभर रुग्णांत साधारण दोन ते पाच जणांना ती होते. पाचवी नस देठात शिरते त्या टप्प्यात मेंदूचं मायलिन असतं. तिथे ते उखडलं की शेजारचे तंतू एकमेकांना ठिणगी देतात. कमी वयात, किंवा दोन्ही बाजूंना कळ येत असेल तर एमआरआय करायलाच हवा.

कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिनने बहुतेकांना आराम पडतो. आशियाई वंशाच्या काही लोकांमध्ये एचएलए-बी १५:०२ हे जनुक असतं आणि त्यांना या औषधांनी त्वचेची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. औषधाआधी ही रक्ततपासणी होऊ शकते का, हे जरूर विचारा. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोणत्या लक्षणांना सकाळची वाट पाहायची नाही?

गिळताना ठसका लागणं, पाणी नाकातून परत येणं, आवाज गेंगाणा किंवा घोगरा होणं, लाळ साठून राहणं, मान उचलता न येणं, आडवं झोपल्यावर दम लागणं. रात्रीचे दोन वाजले असतील तरी आयसीयू असलेल्या रुग्णालयात जा.

जीबीएसमध्ये श्वासाचे स्नायू पडतात तेव्हा माणूस धापा टाकत नाही, कारण धापा टाकायलाही ताकद लागते. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र शेवटपर्यंत ९७-९८ दाखवत राहतं आणि सगळे निश्चिंत होतात. त्या आकड्यावर विसंबू नका. एक मोठा श्वास घेऊन मोठ्याने आकडे मोजायला सांगा. काल तीसपर्यंत जाणारा माणूस आज बारावर थांबला, तर छातीची ताकद उतरते आहे. जीबीएसच्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. वेळेत लागला तर बहुतेक जण त्यावरून उतरून घरी जातात.

घोटभर पाण्याने ठसका लागणाऱ्याला ‘थोडं तरी खा’ म्हणून भरवू नका. अन्न फुप्फुसात जातं. नाकातून नळी घालायला सांगितलं तर विरोध करू नका. बहुतेकांची ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी निघते.

तपासण्या एवढ्या का?

प्रत्येक तपासणी ‘जागा कोणती’ या प्रश्नाचा एकेक तुकडा देते. एमआरआय मेंदू आणि दृष्टीच्या नसेतले डाग दाखवतो. व्हीईपी डोळ्यातून मेंदूपर्यंत संदेश किती वेळात पोहोचतो ते मोजते, ओसीटी डोळ्याच्या पडद्यातल्या तंतूंचा थर. नसांची करंट तपासणी हातापायांच्या बाहेरच्या नसांबद्दल सांगते. पापणीच्या प्रतिक्षेपाची चाचणी पाचवी आणि सातवी नस एकत्र तपासते.

पाठीतलं पाणी काढायची भीती सगळ्यांना वाटते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे त्याला इजा होत नाही. डोकं दुखू शकतं, ते उतरतं. जीबीएसमध्ये त्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळजवळ नॉर्मल असतात. फ्रान्समध्ये १९१६ साली दोन सैनिकांत हीच विसंगती पाहून गुलियन, बारे आणि स्ट्रोल यांनी आजार वेगळा ओळखला. पहिल्या आठवड्यात प्रथिनं नॉर्मलही येतात, तेवढ्याने जीबीएस नाही असं ठरत नाही. पेशी खूप वाढलेल्या असतील तर क्षय, लाइम (गोचिडीमुळे होणारा संसर्ग), सार्कॉइड (अवयवांत सुजेच्या गाठी करणारा आजार), कर्करोगाच्या पेशी अशी कारणं शोधावी लागतात. मेंदूच्या अनेक नसा एकामागून एक पडणाऱ्या प्रत्येकात ही शोधाशोध झालीच पाहिजे.

अ‍ॅक्वापोरिन आणि मॉगसाठीचं रक्त शक्यतो उपचार सुरू होण्याआधी द्या. तपासणी ‘सेल-बेस्ड’ पद्धतीची असू द्या, ती जास्त विश्वासार्ह आहे.

शेजारच्या रुग्णाला स्टेरॉइडने बरं वाटलं, आम्हाला का देत नाहीत?

कारण जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांमध्ये सिद्ध झालं आहे. तिथे आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं सलाईन) चालतं, दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम असे पाच दिवस, किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं. दोन्ही सारखेच प्रभावी आहेत आणि जितक्या लवकर, तितकं चांगलं. एकामागून दुसरं केल्याने जास्त फायदा होत नाही. मिलर फिशर बहुतेकदा आपोआप बरा होतो, त्यामुळे फक्त लक्ष ठेवायचा सल्लाही योग्य असू शकतो. सीआयडीपीला मात्र स्टेरॉइड लागू पडतं.

ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोनचं सलाईन, रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. आधी सांगितलेल्या चाचणीत त्याने दृष्टी लवकर परतली, पण सहा महिन्यांनंतरची दृष्टी औषध न घेतलेल्यांएवढीच होती. नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्यांनी तर आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलं. हा निष्कर्ष एनएमओला लावू नका. तिथे दिवस वाया गेले तर दृष्टी कायमची जाते, आणि स्टेरॉइडला प्रतिसाद अपुरा वाटला की लवकर प्लाझ्मा बदलावा लागतो. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा आणि फिंगोलिमॉड, एनएमओ बिघडवू शकतात. दीर्घकाळाचं औषध सुरू करण्याआधी नाव पक्कं करायचं ते यासाठी. मॉग स्टेरॉइडला झटकन दाद देतो, पण डोस घाईने उतरवला की उलटतो.

घरी काय काळजी घ्यायची?

डोळा मिटत नसेल तर सगळ्यात आधी डोळा वाचवा. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी बंद करून कागदी चिकटपट्टी. कोरड्या बुबुळावर जखम झाली, तर चेहरा बरा होऊनही नजर अधू राहते. डोळा लाल झाला किंवा खुपू लागला तर लगेच दाखवा.

दोन दिसत असतील तर एक डोळा झाका, आलटून पालटून झाकला तरी चालतो. वाहन चालवू नका. गिळण्याचा त्रास असेल तर ताठ बसून, हनुवटी किंचित खाली, लहान घास. नेमकं कोणतं तंत्र तुमच्यासाठी योग्य ते स्पीच थेरपिस्ट तपासून ठरवतात.

गरम पाण्याने अंघोळ केली की पुन्हा धूसर दिसतं. आजार उलटला का?

बहुधा नाही. दुरुस्त झालेलं मायलिन पूर्वीइतकं जाड नसतं आणि अंग तापलं की अशा तंतूतला संदेश अडतो. विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे वर्णन केलं. अंग निवलं की नजर परत येते, नसेला नवी इजा होत नाही. नवं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि अंगात ताप किंवा संसर्ग नसेल, तर तो नवा अटॅक धरून दाखवायला जा.

हा आजार घरात इतरांना लागतो का?

नाही, हे आजार संसर्गजन्य नाहीत. एमएसचा धोका जवळच्या नातेवाइकांत थोडा वाढतो, पण बहुतेक नातेवाइकांना तो होत नाही.

किती बरं होईल?

ऑप्टिक न्यूरायटिसनंतर बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत बरीच परतते. रंगांचा फिकेपणा किंवा संध्याकाळच्या उजेडातली अडचण राहू शकते. मिलर फिशरचे रुग्ण साधारण सहा महिन्यांत सावरतात. जीबीएसमध्ये चेहरा आणि गिळणं अनेकदा पायांआधी सुधारतं, पायांना कधी वर्षही लागतं. एनएमओत मात्र प्रत्येक अटॅक मागे काहीतरी ठेवून जातो, म्हणून तिथे पुढचा अटॅक टाळणारं औषध एक दिवसही चुकवू नये.

चेहरा बराच सुधारला, पण हसलं की डोळा आपोआप मिटतो. हे काय?

तुटलेले तंतू परत वाढताना वाट चुकतात. ओठाकडे जायचे ते पापणीकडे पोहोचतात आणि एका हालचालीसोबत दुसरी होते. चेहरा जोरजोरात वाकडातिकडा करण्याचे किंवा विजेच्या करंटचे व्यायाम यात सहसा सुचवले जात नाहीत. त्याऐवजी आरशासमोर बसायचं आणि ओठाचा कोपरा अगदी थोडा, पापणी हलणार नाही इतकाच, हळू उचलायचा. पापणी हलायला लागली की थांबायचं, पुन्हा त्याहून कमी उचलायचा. चेहऱ्याच्या पुनर्वसनाचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट हे शिकवतो आणि त्याला महिने लागतात. तरीही पापणी ओढली जात असेल तर बोट्युलिनमच्या अगदी लहान मात्रेने तो ताण सैल करता येतो. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा द्यावं लागतं.